त्रिनिदाद कार्निव्हल

त्रिनिदाद कार्निव्हल : व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या त्रिनिदाद बेटावर दरवर्षी होणारा लोकोत्सव. ख्रिस्ती पंचांगातील प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे सोमवार आणि मंगळवार हे कार्निव्हलचे मुख्य दिवस असल्यामुळे त्याची तारीख दरवर्षी बदलते. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत हे दोन दिवस नाहीत, तरी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधील कामकाज जवळजवळ ठप्प असते. झगमगीत पोशाखांची मिरवणूक अशी याची जगभर ओळख असली, तरी या उत्सवाला आजचे रूप दिले ते त्यावर वेळोवेळी आलेल्या बंदीहुकमांनी. म्हणून इतिहासापासूनच सुरुवात करणे योग्य.

त्रिनिदाद स्पेनच्या ताब्यात असताना 1783 साली राजाज्ञेने कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या गेल्या. आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन येथे आले. मुखवटे घालून नाचण्याची त्यांची चाल त्यांच्याबरोबर आली. 1797 मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले, तरी वाड्यांतले हे नाच चालूच राहिले. त्यांत गोरे मळेवाले शेतमजूर गुलामांचे सोंग घेत. खऱ्या गुलामांना मात्र त्यात जागा नव्हती. गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने आणि 1838 मध्ये प्रत्यक्षात संपली. मग मुक्त झालेली माणसे रस्त्यावर उतरली, त्यांनी उत्सव आपलासा केला.

त्यांचा मुख्य सोहळा म्हणजे ‘कॅनबुले’. उसाच्या फडाला आग लागली की शिंगे फुंकून, चाबूक ओढत, मशालींच्या उजेडात आजूबाजूच्या मळ्यांवरचे गुलाम तोडणीला हाकलले जात. मुक्त लोक तोच प्रसंग मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन मध्यरात्री साकारत. 1881 मध्ये पोलिसप्रमुख कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी हे रोखायचा प्रयत्न केला, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर लाठीधारी जमाव त्यांच्याशी भिडला. त्यानंतर 1883-84 च्या कायद्यांनी ढोल, मशाली आणि लाठीधारी जमाव यांवर निर्बंध आले. आज कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे हा संघर्ष राजधानीत नाट्यरूपाने सादर केला जातो.

ढोल गेले, पण ताल गेला नाही. लोकांनी वेगवेगळ्या लांबी-जाडीचे बांबू तोडले. जाड बांबू जमिनीवर आपटून खर्ज आणि बारीक बांबू एकमेकांवर मारून वरचे ठोके काढायचे, अशी ‘तांबू बांबू’ पथके उभी राहिली. 1930 च्या दशकात त्यांत बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारीचे लोखंडी भाग शिरले. डब्याच्या पत्र्याला वेगवेगळ्या ठिकाणी पोचा आला की वेगवेगळे स्वर निघतात, हे याच वादकांच्या लक्षात आले. त्यातूनच ‘स्टीलपॅन’ जन्मले. त्याचे श्रेय एकट्या माणसाला देता येत नाही. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स अशा अनेकांचे हात त्याला लागले आहेत आणि त्यांतले बरेच जण लाव्हेंटिलसारख्या गरीब वस्त्यांतले होते.

पॅन घडवणे हे कसबाचे काम आहे. तेलाच्या पिंपाचा तळ हातोड्याने ठोकत ठोकत आत वाटीसारखा खोल करतात, त्यावर स्वरांच्या जागा आखतात, पिंपाची बाजू हव्या त्या उंचीवर कापतात, पत्रा आगीवर तापवतात आणि मग एकेक जागा वरून-खालून हलक्या हाताने ठोकून सुरात आणतात. वरच्या पट्टीच्या पॅनची बाजू आखूड असते आणि एकाच पॅनवर दोन सप्तकांहून अधिक स्वर मावतात. खर्जाच्या पिंपावर मोजकेच स्वर बसतात, त्यामुळे एक वादक अनेक पिंपांच्या मधोमध उभा राहून वाजवतो. 1963 पासून भरणाऱ्या ‘पॅनोरमा’ स्पर्धेत मोठ्या पथकात शंभरावर वादक असतात, आणि त्यांतले बरेच जण संपूर्ण रचना नुसती ऐकून पाठ करतात. पोलिसांनी ज्याच्यामागे हात धुऊन लागावे, ते वाद्य 1992 मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले.

उत्सव सोमवारी पहाटे अंधारात ‘जूव्हे’ने सुरू होतो. अंगाला चिखल, रंग, तेल फासून लोक नाचत निघतात. मंगळवारी हजारोंची पोशाखी पथके क्वीन्स पार्क सव्हाना मैदानावरील मंचावरून जातात. पूर्वीची सोंगे अधिक अर्थपूर्ण आहेत : उंच काठ्यांच्या पायांवर चालणारा मोको जंबी, भल्यामोठ्या टोपीतला बढाईखोर मिडनाइट रॉबर, पॅरामिन गावचे निळे सैतान. पीटर मिन्शलसारख्या कलावंताने या सोंगांना भव्य रंगभूमीचे रूप दिले; 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातही त्याचा हात होता.

भारतीय पाहुण्यासारखे या उत्सवात वावरत नाहीत. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1,43,000 करारबद्ध मजूर, मुख्यतः बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातून, येथे आले. त्यांच्या मोहरमच्या ताबूत मिरवणुकीवर (होसे) 1884 मध्ये सॅन फर्नांडो शहरात गोळीबार झाला. कॅनबुलेच्या चकमकीनंतर अवघ्या काही वर्षांत तीच ब्रिटिश सत्ता दुसऱ्या समाजाच्या मिरवणुकीवर उठली, हे विसरता येत नाही. त्यांचे ताशे टिकले. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून, शेकोटीवर तापवून ते वाजवतात. सोबत मोठा ढोल आणि झांज. गणपतीची मिरवणूक पाहिलेल्या मराठी माणसाला हा मेळ अनोळखी वाटणार नाही. 1970 च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो (त्रिनिदादचे पारंपरिक लोकगीत) गायकाने ढोलक आणि धंताल (ठोकून वाजवायची लोखंडी सळई) यांचा ताल घेऊन ‘सोका’ संगीत घडवले. पुढे भोजपुरी लोकगीतांच्या मिश्रणाने ‘चटणी सोका’ आले.

दुसऱ्या महायुद्धात हा उत्सव बंद होता, 2021 मध्ये करोनामुळे झाला नाही. स्थलांतरितांनी तो परदेशी नेला : त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स यांनी 1959 मध्ये लंडनमध्ये सभागृहात कार्निव्हल भरवला, आणि तेथील नॉटिंग हिल वस्तीचा प्रचंड उत्सव त्याच धाग्यातून पुढे आला. टोरांटोत तो 1967 पासून होतो. गोव्यातील कार्निव्हलही याच दिवसांत येतो, पण तो पोर्तुगीज वाटेने आलेला. दोघांत समान आहे ते फक्त पंचांग.