ताशी वॉट नावाचा प्राणी नसतो

"आमचा फ्रिज तासाला दीडशे वॉट खातो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याला अडवायचंही त्राण उरलेलं नाही. इस्त्रीबद्दल ऐकलंय, टीव्हीबद्दल ऐकलंय, एकदा तर चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरच्या तोंडून ऐकलंय. 'वीज वाचवा' छापाच्या लेखांतही ते सर्रास सापडतं. गोंधळ नुसता शब्दांचा असता तर सोडून दिला असता. पण याच गोंधळापायी माणसं मोबाइलच्या चार्जरची पिन रोज रात्री इमानेइतबारे उपटतात आणि टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स वर्षानुवर्षं गरम ठेवतात.

युनिटवर मी फार शाई खर्च करत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, दर बिलावर असतं. एक हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडलं. व्होल्ट आणि अँपिअरही महत्त्वाचे असतात, पण घरातली वीज कुठे मुरते हे शोधताना ते तूर्त गेले तेल लावत.

घोडं अडतं ते वॉटपाशी.

वॉट हा वेग आहे. या क्षणी उपकरण वीज कोणत्या वेगाने ओढतंय, एवढंच तो सांगतो. सेकंदाला एक जूल ऊर्जा म्हणजे एक वॉट. आता गंमत बघा. गाडीचा वेग सांगताना आपण 'ताशी चाळीस किलोमीटर' म्हणतो. तिथे 'ताशी' हा शब्द बाहेर, डोळ्यांसमोर असतो. वॉटमध्ये तो नावाच्या पोटात गेलाय. त्यामुळे माणसाला वाटतं की काळ राहिलाच, आणि तो आपल्या पदरचा एक 'तासाला' वर चिकटवतो. 'तासाला दीडशे वॉट' याचा अर्थ लावायचाच झाला तर दर तासाला वेग दीडशेने वाढतोय असा लावावा लागेल. म्हणजे सकाळी दीडशे वॉटवर निघालेला फ्रिज संध्याकाळपर्यंत दीड-दोन हजारांवर पोचला!

हीच माणसं हॉर्सपॉवरच्या बाबतीत चुकत नाहीत, हे मला कायम नवल वाटत आलंय. हॉर्सपॉवर आणि वॉट एकाच जातीचे, एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॉट. पण पाण्याचा पंप 'तासाला अर्धा हॉर्सपॉवर खातो' असं कुणी म्हणत नाही. पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा आहे, विषय संपला. मग फ्रिजही दीडशे वॉटचा आहे म्हणा की. (जेम्स वॉटवर याचा दोष टाकू नका. तो १८१९ साली वारला. त्याचं नाव या एककाला द्यावं असं विल्यम सीमेन्सने सुचवलं ते १८८२ मध्ये.)

दुसरा घोळ युनिटच्याच 'किलोवॉट-तास' या दुसऱ्या नावाने घातलाय. त्यात तास शब्द दिसतो, म्हणून लोक तो 'ताशी किलोवॉट' असा वाचतात. तिथे भागाकार नाही, गुणाकार आहे. मजुरीच्या कामात मनुष्यदिवस मोजतात ना, तसं. दहा माणसं तीन दिवस राबली की तीस मनुष्यदिवस झाले. पाच माणसं सहा दिवस राबली तरी तीसच. हजेरीपत्रकावर किती नावं आहेत एवढ्यावरून मजुरी काढता येत नाही, किती दिवस राबली तेही विचारावं लागतं. वॉट म्हणजे हजेरीपत्रकावरची नावं आणि युनिट म्हणजे मनुष्यदिवस. नळाची धार आणि बादली हे उदाहरण सगळे देतात. मला ते फारसं आवडत नाही, कारण धार ऐकली की डोळ्यांपुढे पाणी उभं राहतं, घड्याळ नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खिशातच आहे. फोनबरोबर ६७ वॉटचा फास्ट चार्जर आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "हा जास्त वीज खातो, तो जुना दहा वॉटचाच वापर." आता हिशेब मांडू. बॅटरीवर ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेलं असतं, म्हणजे पाच अँपिअर-तास. तिचा व्होल्टेज साधारण ३.८५. गुणाकार केला की बॅटरीत मावतात सुमारे १९ वॉट-तास. चार्जर आणि बॅटरी तापण्यात जे वाया जातं ते धरून भिंतीतून २५ वॉट-तास ओढले जातात असं समजा. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीसदा भरला. रोज शून्यापासून शंभरपर्यंत भरलात तरी वर्षाला नऊ-सव्वानऊ युनिट. जुन्या चार्जरला तेवढंच काम करायला दोन-तीन तास लागतील, नवा ते तासाभरात उरकेल. बॅटरीत मावायचं तेवढंच मावणार, त्यामुळे युनिट जवळजवळ तेवढेच. वॉट सहापट, बिल जिथल्या तिथे.

चार्जरच्या पिनेचंही असंच आहे. फोन न जोडता भिंतीत राहिलेला आजकालचा चांगला चार्जर वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ओढतो. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे एक वॉट सतत वर्षभर चालला तर ८.७६ युनिट. मी याला पावणेनऊचा पाढा म्हणतो आणि एवढा एकच पाढा पाठ करा असा माझा आग्रह आहे. वॉटचा दहावा हिस्सा म्हणजे वर्षभरात एक युनिटसुद्धा पडत नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला म्हणून पिन काढत असाल तर जरूर काढा, ते वेगळं. पण पिन काढून वीज वाचवल्याचं समाधान घेऊन झोपायला जाऊ नका.

आता तोच पाढा सेट-टॉप बॉक्सला लावा. बऱ्याच जुन्या बॉक्सचा रिमोटने 'बंद' करणं म्हणजे समोरचा दिवा हिरव्याचा लाल करणं, आत यंत्र जागंच. हात ठेवून बघा, कोमट लागतो. असा बॉक्स बारा वॉट ओढत असेल तर बारा गुणिले पावणेनऊ, वर्षाला १०५ युनिट. शेजारचा ८० वॉटचा टीव्ही रोज तीन तास चालला तर वर्षाला सुमारे ८८. ज्यावर चित्र दिसतं त्याच्यापेक्षा नुसत्या लुकलुकत बसलेल्या डब्याने जास्त खाल्लं! बारा वॉट ऐकून कुणी दचकत नाही, दोन हजार वॉटच्या इलेक्ट्रिक किटलीला मात्र सगळे टरकून असतात. ती किटली रोज तीन मिनिटं चालली तर वर्षाला ३६-३७ युनिट.

टीव्हीच्या लाल दिव्याला मात्र उगाच बदनाम केलंय. एके काळी टीव्ही नुसते बसल्या बसल्या पाच-दहा वॉट खायचे हे खरं. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये स्टँडबायची वीज एका वॉटपर्यंत खाली आणण्याचा विषय लावून धरला. युरोपीय संघाने २०१० पासून बहुतेक घरगुती उपकरणांना एका वॉटची कायदेशीर मर्यादा घातली आणि २०१३ मध्ये ती अर्ध्या वॉटवर आणली. आज चांगल्या टीव्हीचा लाल दिवा वर्षाला चार-साडेचार युनिटचा धनी असतो. फक्त सेटिंगमध्ये जाऊन झटपट सुरू होण्याची सोय चालू आहे का ते बघा. ती चालू असेल तर टीव्ही अर्धवट जागाच राहतो आणि मग अर्ध्या वॉटचं गणित कोलमडतं. ती मी बंद ठेवतो. टीव्ही दहा सेकंद उशिरा लागल्याने कुणाचंही नुकसान होत नाही.

उपकरणाच्या पाठीवर छापलेला वॉटचा आकडाही जपून वाचावा. तो बहुतेकदा कमाल मर्यादा सांगतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ६५० वॉटचा आहे म्हणजे गरज पडली तर तेवढा पुरवू शकतो, सदा तेवढा ओढतो असं नाही. ६५ वॉटच्या अॅडॉप्टरवरचा लॅपटॉप बातम्या वाचताना दहा-पंधरा वॉटवर निवांत असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून झोपतो, त्यामुळे दीडशे गुणिले चोवीस तास असा हिशेब केलात तर वर्षाला १३१४ युनिट येतील, आणि प्रत्यक्षात मध्यम आकाराच्या नव्या फ्रिजच्या लेबलवर बऱ्याचदा दोन-तीनशे युनिट लिहिलेले असतात. फ्रिज घेताना वॉट बघूच नका, वर्षाचे युनिट बघा. वॉटचा खरा उपयोग वायर केवढी जाड हवी आणि एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) कधी पडेल हे ठरवायला. त्या कामात तोच राजा, तिथे युनिटला कुणी विचारत नाही.

स्क्रीनसेव्हरविषयी एकच वाक्य: त्याने वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून निघाला होता. नुसता चालू सोडलेला डेस्कटॉप ६० वॉट ओढत असेल तर रात्रीच्या दहा तासांत ०.६ युनिट, वर्षाला २१९. त्याला 'स्लीप' केलं तर तो दोन-तीन वॉटवर येतो. इथे माझं मत पक्कं आहे: आख्ख्या घरातले चार्जर उपटत फिरण्यापेक्षा या एका यंत्राला झोपवा.

हे सगळं दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून मानायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२०० इम्पल्स असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा मीटरप्रमाणे बदलतो. अर्थ असा की ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, तेव्हा एका लुकलुकण्याला ११२५ जूल. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि ११२५ ला त्याने भागा. उत्तर थेट वॉटमध्ये. वॉट आणि युनिट यांचं नातं इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही: दिव्याची प्रत्येक लुकलुक म्हणजे युनिटचा ठरावीक तुकडा आणि दोन लुकलुकींमधला वेळ जितका कमी तितके वॉट जास्त.

घरात कुणी नसताना मी एकदा हा खेळ केला. दिवे, पंखे बंद. फ्रिजचा प्लग काढून ठेवला, नाहीतर कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन सगळं मुसळ केरात. हातात स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. 'सगळं बंद' असलेल्या घरात दिवा दर तीस सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे साडेसदतीस वॉट. पावणेनऊच्या पाढ्याने वर्षाला जवळपास ३२८ युनिट, कुणीही काहीही न वापरता.

मग एकेक बटण बंद करत गेलो. सेट-टॉप बॉक्स बंद केला आणि लुकलुकीतलं अंतर पन्नास सेकंदांवर गेलं. साडेबावीस वॉट, म्हणजे एकटा बॉक्स पंधरा वॉटचा धनी निघाला. दुसरा चोर मला स्वप्नातही सुचला नसता. कॉम्प्युटरचे जुने स्पीकर, ज्यांचं पुढचं बटण बंदच होतं. ते बटण फक्त आवाजाचा भाग तोडत होतं, मागचा ट्रान्सफॉर्मर भिंतीला जोडलेलाच राहून वर्षानुवर्षं ऊब देत बसला होता. भिंतीवरचं बटण बंद केल्यावर अंतर ७५ सेकंद झालं. पंधरा वॉट. चार्जरच्या तीन पिना काढून पाहिल्या, तर सेकंदकाट्याला त्याची गंधवार्ताही नव्हती.

बॉक्स आणि स्पीकर आता एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत, झोपताना एक बटण बंद. रात्रीचे आठ तास धरले तर वर्षाचे सुमारे ६६ युनिट त्यात वाचतात. बॉक्स सकाळी सुरू व्हायला दीड मिनिट घेतो, त्यावरून घरात थोडी कुरकुर झाली, मग सवय झाली. उरलेल्या पंधरा वॉटांत आठेक वॉट राउटरचे असावेत. तो मी चालूच ठेवतो. रात्रीचे आठ तास बंद केला तर वर्षाला तेवीस युनिट वाचतील हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्यासाठी रोज खुर्चीवर चढून कपाटामागे हात घालायची माझी तयारी नाही.