मॅकबर्नीचा बिंदू आला कुठून?

बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा मनात काढायची, तिचे तीन सारखे भाग करायचे आणि हाडाकडचा पहिला भाग जिथे संपतो तिथे बोट ठेवायचं. हा मॅकबर्नीचा बिंदू. सर्जरीच्या वॉर्डात आलेल्या विद्यार्थ्याला तो पहिल्या काही दिवसांतच दाखवला जातो. बोट तिथेच का, असं विचारलं तर उत्तर येतं, "तिथे ॲपेंडिक्स असतं म्हणून." हे उत्तर अर्धंच आहे. ॲपेंडिक्स तिथे असतं हे शरीरशास्त्राला शतकानुशतकं ठाऊक होतं, तरी आजाराशी त्याचा संबंध जुळायला एकोणिसावं शतक सरत आलं.

इटलीतल्या बेरेंगारिओ दा कार्पीने 1521 साली ॲपेंडिक्सचं वर्णन केलं होतं. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अमायंडने 1735 साली ते कापूनही काढलं, पण वेगळ्याच कारणासाठी. 11 वर्षांच्या एका मुलाला हर्निया होता आणि त्यातून मळ बाहेर येत होता. जांघ उघडल्यावर हर्नियाच्या पिशवीत ॲपेंडिक्स सापडलं, टाचणीने भोक पडलेलं. भूल नव्हती, शस्त्रक्रिया अर्धा तास चालली, आणि मुलगा वाचला. पोटात दुखणाऱ्या, ताप आलेल्या रोग्याच्या पोटातही हेच ॲपेंडिक्स सडत असेल, असा विचार मात्र त्यातून पुढे आला नाही.

तो आला पॅरिसमध्ये. फ्रांस्वा मेलिएने 1827 मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे ॲपेंडिक्सकडे बोट दाखवलं. पण तेव्हा गियोम द्युपुत्राँचा शब्द शेवटचा मानला जाई आणि त्याच्या मते दोष होता सीकमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा. उजवीकडच्या दुखण्याला टिफ्लायटिस, पेरिटिफ्लायटिस अशी नावं पडली. उपचार म्हणजे अफू, शेक आणि वाट पाहणं. गळू वर आलं तर फोडायचं, नाहीतर रोगी जायचा. मला या काळाचं फार वाईट वाटतं. डॉक्टर त्या दुखऱ्या जागी हात ठेवतच होते, पण हाताखाली काय आहे याबद्दलची त्यांची समजूतच चुकीची होती.

ती समजूत मोडली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने, आणि तो सर्जन नव्हता. शवविच्छेदनाच्या टेबलावर काम केलेला हा हार्वर्डचा प्राध्यापक. 1886 साली त्याने भोक पडलेल्या ॲपेंडिक्सच्या 257 केसेस आणि टिफ्लायटिस म्हणून नोंदलेल्या 209 केसेस शेजारी शेजारी मांडल्या. दुखणं तसंच, ताप तसाच, उजवीकडची सूज तशीच. लक्षणं इतकी जुळत असतील तर आजार दोन नाहीत, एकच आहे, असं त्याने म्हटलं आणि त्याला नाव दिलं ॲपेंडिसायटिस. फुटण्याची वाट पाहू नका, वेळेत शस्त्रक्रिया करा, हा त्याचा आग्रह होता.

पण वेळेत म्हणजे कधी? मेलेल्या माणसाच्या पोटात सापडलेलं सत्य जिवंत माणसाच्या पोटावर ओळखायचं कसं? इथे मॅकबर्नी येतो. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉस्पिटलमधला हा सर्जन लवकर पोट उघडायला तयार होता. म्हणून ॲपेंडिक्स फुटण्याआधीची स्थिती त्याला पाहायला मिळाली. 1889 मध्ये त्याने लिहिलं की सर्वांत जास्त दुखरी जागा हाडाच्या टोकापासून दीड ते दोन इंचांवर, बेंबीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत असते, आणि ती एकाच बोटाच्या दाबाने शोधायची. पूर्ण तळहाताने दाबलं तर सगळंच पोट दुखतं. एका बोटाचा हा आग्रह मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा तपशील वाटतो. आधी बोट, मग सुरी, आणि आत जे दिसलं ते पुन्हा बोटाशी ताडून पाहणं, हे एकाच माणसाने केलं म्हणून त्या खुणेला वजन आलं.

सुरुवातीला बेंबीभोवती दुखतं आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं, याचं कारणही याच ताडून पाहण्यातून स्पष्ट होत गेलं. ॲपेंडिक्सच्या वेदना नेणाऱ्या नसा बेंबीच्या त्वचेच्या नसांबरोबर मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोचतात, त्यामुळे मेंदूला जागा नीट कळत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की मग नेमकं ठिकाण कळतं. आपल्याकडे बेंबीपाशी दुखलं की "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळतात, एरंडेल पाजतात. सुजलेल्या ॲपेंडिक्सला हे दोन्ही घातक आहे, आणि दुखणं जागा बदलण्याचे नेमके मोलाचे तास त्यात जातात.

पुढच्या खुणा पाठोपाठ आल्या. कोपनहेगनच्या रोव्हसिंगने डावीकडे दाबून उजवीकडे दुखतं हे दाखवलं. ब्लूमबर्गने हळू दाबून एकदम हात उचलल्यावर येणारी कळ नोंदवली, जिला वॉर्डात रिबाउंड म्हणतात. दोन्ही 1907 सालच्या. रिबाउंड रोग्याला फार दुखवते. खोकायला सांगून किंवा हलकेच टिचकी मारूनही बरंच कळतं, म्हणून मी तरी ती सहसा करत नाही.

या आजाराची भीती घरोघर पोचली ती मात्र एका राजामुळे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरला होता. 24 जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच फ्रेडरिक ट्रीव्ह्जने त्याचं पोट उघडून पू काढला. ॲपेंडिक्स काढलंच नाही. राजा वाचला, राज्याभिषेक 9 ऑगस्टला झाला. हाच ट्रीव्ह्ज एरवी, झटका ओसरू द्या आणि मग शस्त्रक्रिया करा, या मताचा होता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याची स्वतःची मुलगी ॲपेंडिक्स फुटून गेली होती.

मॅकबर्नीच्या बिंदूला मर्यादाही आहे. 1933 मध्ये लंडनच्या सेसिल वेकलीने 10,000 शवविच्छेदनांतून दाखवलं की सुमारे 65 टक्के लोकांत ॲपेंडिक्स सीकमच्या मागे दडलेलं असतं. अशांना पुढून दाबलं तर कमी दुखतं, पण डाव्या कुशीवर वळवून उजवी मांडी मागे ताणली की कळ येते. ओटीपोटात उतरलेलं असेल तर गुदमार्गाच्या तपासणीतच दुखरी जागा लागते. म्हणजे खूण नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. उलटही खरं, खूण असूनही आजार नसू शकतो, आणि म्हणूनच काढलेल्या शंभरातली पंधरा-वीस ॲपेंडिक्सं निरोगी निघाली तरी सर्जन ते दीर्घकाळ मान्य करत आले.

1986 मध्ये अल्फ्रेडो अल्वाराडोने निदानासाठी या सगळ्या लक्षणांना आणि खुणांना दहा गुणांत बसवलं. आठ गोष्टींपैकी दोनच गोष्टींना दोन-दोन गुण: उजवीकडचा दुखरेपणा आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी. बाकी सहांना एक-एक. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या पायलार्टने सोनोग्राफीचं यंत्र हळूहळू दाबत ॲपेंडिक्स पाहण्याची रीत मांडली. तीही शेवटी दाबण्याचीच रीत.

आज बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. कॅमेरा बेंबीतून आत जातो, त्या बिंदूवर सुरी लावावीच लागत नाही. कॅज्युअल्टीत बोट ठेवणारा एक, ऑपरेशन करणारा दुसरा, आणि ताडून पाहणं राहून जातं. म्हणून माझ्या पीजींना, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, मी सांगतो, भूल देण्याआधी रुग्णाला एका बोटाने जागा दाखवायला सांगा आणि तिथे मार्करने खूण करा. भूल चढली, पोट सैल पडलं की पुन्हा हात ठेवा. ताठरपणामुळे मगाशी न लागलेला गोळा कधी कधी तेव्हा हाताला लागतो. मग कॅमेरा आत घाला, ॲपेंडिक्सचं टोक कुठे वळलंय ते पाहा, आणि खुणेपासून ते किती लांब होतं ते नोटमध्ये लिहा.