पहिला अल्बम घरच्या खोलीत
(इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"इलेक्ट्रॉनिक अल्बम करायचाय, किती खर्च येईल?" नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या दुकानात साउंड कार्ड किंवा हेडफोन घ्यायला येणारी मुलं पहिल्यांदा हेच विचारतात. आकडा सांगण्याआधी आम्ही त्यांना एक रेकॉर्ड ऐकवतो. डाफ्ट पंक या पॅरिसच्या जोडीचा पहिला अल्बम, 'होमवर्क', जानेवारी १९९७ मध्ये आलेला.

थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो हे शाळेपासूनचे मित्र. आधी त्यांनी गिटारचा बँड काढून पाहिला. एका इंग्रजी साप्ताहिकाने त्या संगीताला 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून हिणवलं, आणि पोरांनी तेच नाव उचललं. अल्बम बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत झाला. नावही तसंच, घरी केलेला अभ्यास. खरं तर एकेक गाणं सुटं काढायचं ठरलं होतं. गाणी साठत गेली तेव्हा अल्बम झाला. तुमच्या लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलेल्या पंधरा-वीस फायली बघून निराश होऊ नका, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच.

'अराउंड द वर्ल्ड' या गाण्यात तेवढे तीनच शब्द १४४ वेळा येतात. मोजत बसू नका. मागे बेस (खालचा, खोल सूर) कधी शिरतो, ड्रम कधी थांबतो, सिंथचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा, आवाज हळूहळू कसा उघडतो, ते ऐका. सगळी करामत तिथे आहे.

ही मंडळी वापरत ती रोलंड कंपनीची टीआर-९०९ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बेस वाजवणारा छोटा सिंथ) ही यंत्रं तेव्हा जुनी, कंपनीने बनवणं सोडलेली होती. ३०३ तर एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून निघालेली आणि बाजारात पडलेली. तिचीच बटणं फिरवून लोकांनी नवा आवाज शोधला. आपल्याकडे मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ३०३ वर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. आम्हाला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

आता नागपूरचं बोलू. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की कूलर बंद करून बसणं शक्य नाही. गायकाला माइकसमोर उभं केलं तर पंप आणि पंख्याची घरघर प्रत्येक ओळीत येते. सिंथ आणि ड्रम मशीनचा आवाज मात्र वायरीतून थेट साउंड कार्डात जातो, त्याला कूलरची बाधा नाही. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात घरी करता येईल असं हेच संगीत. फक्त मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करण्याच्या वेळी सांभाळा. कूलर चालू असला की आपण नकळत आवाज वाढवत नेतो आणि बारीक खरखर ऐकू येत नाही. रात्री उशिरा वीस मिनिटं कूलर बंद ठेवून शेवटचं ऐकणं करा.

खरी अडचण खोलीची असते. महाल भागातला एक ग्राहक तक्रार घेऊन आला होता, नवे स्पीकर बेस देत नाहीत म्हणून. आम्ही घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, आणि टेबल-खुर्ची अगदी मधोमध. बारा फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झची (सेकंदाला ४७ कंपनांची), म्हणजे बेसच्या आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीपाशी ती फुगते आणि मध्यावर जवळपास नाहीशी होते. ड्रमचा ठोका नेमका त्याच पट्टीत. ऐकू येत नाही म्हणून तो बेस वाढवत गेला आणि तेच गाणं कारमध्ये लावल्यावर दारं थरथरायला लागली. आम्ही खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. कोपऱ्यांत घरच्याच जाड कापसाच्या गाद्या, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, उभ्या केल्या. स्पीकर तेच राहिले. अंड्यांचे ट्रे चिकटवून बेस आवरत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

आणखी एक, कागदपत्रांबद्दल. डाफ्ट पंकने मोठ्या कंपनीशी करार केला, पण मूळ रेकॉर्डिंगची मालकी स्वतःकडे ठेवून फक्त वापराचा परवाना दिला. तुमच्यासमोर करार आला तर मालकीचं कलम आधी वाचा आणि जाणकार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आमच्याकडे येताना गाणं पेन ड्राइव्हवर आणा, एमपी३ नको, वेव्ह फाइल. सोबत खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून आणा आणि दार, खिडकी, कूलर कुठे आहे ते कागदावर काढा. काय विकत घ्यायचं ते त्यानंतर ठरवू.