तारीख जुळली म्हणजे दिवस जुळला असं नाही

दर २३ एप्रिलला तोच मजकूर फिरू लागतो: शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस दोघेही एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी वारले, काय विलक्षण योगायोग! योगायोग कसला? दोघांच्या मृत्यूत दहा दिवसांहून जास्त अंतर आहे.

रोजच्या दिनविशेषाबद्दल माझी तक्रार नाही. वेगवेगळ्या वर्षांतल्या घटना एका तारखेखाली मांडायच्या, एवढाच तो खेळ. तारखा फार तर ३६६ आणि इतिहास हजारो वर्षांचा, तेव्हा कुठलीही तारीख उघडली तरी दोन लढाया, तीन जयंत्या सापडणारच. त्यात गूढ शोधू नये, एवढं पाळलं की पुरे.

खरी गल्लत होते ती वर्षही एकच असतं तेव्हा. तारीख तीच, महिना तोच, साल तेच, मग दिवस वेगळा कसा असेल? असतो. कारण एका काळात युरोपात दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी चालू होती. त्यातलं जुनं ते ज्युलियन. त्याचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, म्हणजे खऱ्या सौरवर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं. ही मिनिटं साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत ऋतू आणि तारखा यांत दहा दिवसांची तफावत पडली. पोप ग्रेगरी तेराव्याने १५८२ मध्ये ते दहा दिवस गाळून टाकले. स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली. त्यामुळे मृत्यू ४ तारखेचा आणि तिच्या स्मरणाचा सण १५ तारखेचा, हे वाचून चक्रावू नका, मध्ये एकच रात्र आहे.

प्रोटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचं ऐकलं नाही. तिथे जुनंच कॅलेंडर १७५२ पर्यंत चाललं. म्हणजे शेक्सपिअरचा २३ एप्रिल हा इंग्लंडचा, स्पेनच्या हिशेबाने तो ३ मे. त्यात सर्व्हांटिस बहुधा २२ एप्रिललाच गेला, २३ ही त्याच्या दफनाची तारीख. जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिललाच साजरा करायला माझी हरकत नाही, फक्त ‘एकाच दिवशी’ म्हणू नका.

या दुहेरी तारखांचं सगळ्यात मजेशीर उदाहरण पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या तिसऱ्या विल्यमचं. तो हॉलंडहून ताफा घेऊन निघाला ११ नोव्हेंबर १६८८ रोजी आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला ५ नोव्हेंबर १६८८ रोजी! निघण्याआधीच पोहोचला. पहिली तारीख डच, दुसरी इंग्रज. प्रवास प्रत्यक्षात चार दिवसांचा.

आपल्याकडचं उदाहरण शिवराज्याभिषेकाचं. ६ जून १६७४ ही तारीख रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या नोंदीत आहे, म्हणजे ती ज्युलियन. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र या भानगडीतून सहीसलामत सुटते. ६ जून चुकीची नाही, कुणी ती ‘सुधारू’ही नये. पण त्या दिवशी फ्रान्समध्ये काय चाललं होतं हे शोधायचं, तर १६ जूनच्या नोंदी उघडा.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही असंच. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ला, नव्या कॅलेंडरने. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ला, पण जुन्या. दोघांना एकच माप लावलं तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३. झालं, वर्ष हुकलं.

जुन्या तारखेत किती दिवस मिळवायचे? १७०० पर्यंत १०, मग शतकागणिक ११, १२ आणि विसाव्या शतकात १३. रशियाची ‘ऑक्टोबर’ क्रांती ७ नोव्हेंबरला का साजरी व्हायची, ते यावरून कळेल.

उलटही घडतं: तारीख वेगळी, वेळ जवळजवळ एकच. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१चा आणि मलायातल्या कोटा भारूवरचा ८ डिसेंबरचा. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, एवढंच. किंबहुना ८ तारखेचा हल्ला ७ तारखेच्या हल्ल्याच्या तासाभराहून अधिक आधी सुरू झाला होता.

अस्सल योगायोग हवेच असतील, तर ते आहेत. डार्विन आणि लिंकन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९चे, आणि तोवर इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे नवं कॅलेंडर रुळलेलं. किंवा अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन: दोघेही ४ जुलै १८२६ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, काही तासांच्या अंतराने गेले. देश एक, कॅलेंडर एक. इथे खुशाल आश्चर्य करा.