पफ पेस्ट्रीचे पदर आणि फळांचं पाणी

पफ पेस्ट्रीच्या पिठात यीस्ट नसतं, बेकिंग पावडर नसते, सोडाही नसतो. तरीही जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची पट्टी ओव्हनमधून बाहेर येते ती कित्येक पटींनी फुगून. हे सगळं काम पाणी करतं. त्याच पट्टीत फळांचं सारण भरून हातात धरून खाता येईल असा छोटा पाय (pie) करायला घेतला, तर तो बिघडतो तोही बहुतेक वेळा पाण्यामुळेच. पिठातल्या पाण्याची झटपट वाफ होऊ द्यायची आणि फळातलं पाणी जागच्या जागी धरून ठेवायचं, एवढं साधलं की हा पदार्थ खरंच सोपा आहे.

आधी पदर कसे सुटतात ते पाहू. मैद्याच्या गोळ्यात बटरची चपटी वडी बंद करायची, लाटायचं, तीनपदरी घडी घालायची आणि पुन्हा लाटायचं. दर घडीला बटरचे थर तिप्पट होतात: ३, ९, २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. ३ मिलिमीटरच्या पट्टीत एवढे थर बसवायचे, तर बटरचा एक थर आणि त्याला लागून असलेला पिठाचा एक थर मिळून जाडी भरते जवळपास ४ मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही कितीतरी कमी. प्रत्यक्षात लाटताना काही थर एकमेकांत मिसळतात, पण हा हिशेब मला दर वेळी थक्क करतो. लाटणं आणि घड्या, एवढ्यावर माणूस इथवर पोचला.

ओव्हनमध्ये गेल्यावर बटर आधी वितळतं आणि पिठाच्या थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. मग पिठातलं पाणी आणि बटरमधलं सुमारे १६ टक्के पाणी यांची वाफ होऊ लागते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या साधारण १,६०० ते १,७०० पट जागा मागते. बरीचशी निसटून जाते, पण जाता जाता पिठाचे थर वर उचलते. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, ताणलं जातं, स्टार्च शिजतो, प्रथिनं घट्ट होतात आणि उचललेले थर तसेच उभे राहतात. हे सगळं थोड्या मिनिटांत व्हायला हवं. ओव्हन पुरेसा तापलेला नसला, तर वाफ जोर धरण्याआधीच बटर वितळून ट्रेवर ओघळतं. म्हणून तापमान २०० ते २२० अंश सेल्सिअस ठेवावं आणि ओव्हन पूर्ण तापल्यावरच ट्रे आत सरकवावा.

घरी पेस्ट्री लाटायची हौस असेल तर जरूर लाटावी, पण माझ्या मते विकतची गोठवलेली पट्टी वापरून सगळी मेहनत सारणावर घ्यावी. पाकिटावर बटर लिहिलंय की वनस्पती तूप, ते मात्र बघून घ्या. दुधातली चरबी शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते, म्हणून बटरची पेस्ट्री तोंडात विरघळते. जास्त तापमानाला वितळणारं वनस्पती तूप हाताळायला सोपं असतं, पण टाळ्याला मेणचट थर राहतो. पट्टी फ्रीजमध्येच सावकाश सैल होऊ द्यावी. ओट्यावर ठेवली तर बाहेरचं बटर मऊ होतं आणि आतलं दगडासारखं राहतं. मग मऊ बटर पिठात जिरतं, कडक बटराचे तुकडे पडतात आणि दोन्हीकडून पदरांचं नुकसान होतं.

आता फळं. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या वर. उष्णतेनं पेशींची आवरणं फुटली की हे पाणी मोकळं होतं आणि थेट खालच्या पट्टीत मुरतं. वरचे पदर छान फुललेले आणि तळ मात्र कच्चट, चिकट, हे त्यामुळे घडतं. इलाज असा की पाणी आधीच बाहेर काढायचं. दोन मध्यम सफरचंदांच्या सेंटीमीटरभर फोडी करून त्यांत ५० ग्रॅम साखर मिसळा आणि अर्धा तास ठेवा. साखरेमुळे फोडींमधलं पाणी ऑस्मोसिसनं बाहेर खेचलं जातं आणि भांड्यात रस जमतो. फोडी त्या रसासकट कढईत घालून नरम होईपर्यंत शिजवा. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि एक उकळी येऊ द्या. सारण घट्ट आणि चकचकीत दिसायला लागेल.

कच्च्या फळांवर कॉर्नफ्लोअर भुरभुरून भरलं तर चालणार नाही का? मोठ्या पायमध्ये चालतं, कारण तो तासभर भाजला जातो. कॉर्नफ्लोअरचे कण ६५ ते ७० अंशांच्या आसपास फुगायला लागतात, पण पूर्ण घट्टपणा उकळीच्या जवळ येतो. हातातला छोटा पाय २०-२५ मिनिटांतच बाहेर निघतो. तेवढ्यात आतलं सारण तिथवर पोचेलच असं नाही, म्हणून ते आधी शिजवलेलं बरं. लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावर घालावा, कारण आम्लाबरोबर स्टार्च जास्त वेळ उकळला तर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि सारण पुन्हा पातळ होतं. बेरी रसाळ असतात, त्यांना कॉर्नफ्लोअर थोडं जास्त लागतं.

सारण पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारणानंसुद्धा खालच्या पट्टीतलं बटर भाजण्याआधीच वितळतं.

१० सेंटीमीटरचे चौकोन कापताना धारदार सुरी सरळ खाली दाबा, ओढू नका. ओढली की कडेचे थर एकमेकांत लिंपले जातात. मध्यावर मोठा चमचाभरच सारण ठेवा, दोन कडांना पाण्याचं बोट लावा, त्रिकोणी दुमडा आणि काट्यानं दाबा. वर दोन-तीन चिरा द्या. फळांच्या वाफेला वाट मिळाली नाही, तर ती मिटलेली कड फोडून काढते. तयार पाय १५-२० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले की बटर पुन्हा घट्ट होतं आणि लाटून-दुमडून ताणलेलं ग्लुटेन सैलावतं, त्यामुळे भाजताना आकार आक्रसत नाही.

मग वरून फेटलेलं अंडं किंवा दूध लावा, पण कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका. अंडं तिथं घट्ट झालं की पदर एकमेकांना चिकटतात. अंड्यातली प्रथिनं आणि साखर यांच्यातली, तपकिरी रंग देणारी अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं आणि आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. म्हणजे तपकिरी रंग दिसला, तर तो भाग कोरडा झाला असं समजावं. फिकट सोनेरी दिसताच बाहेर काढायची घाई बरेच जण करतात. तसं करू नका. आतले पदर तेव्हा अजून ओले असतात आणि बाहेर येताच बसतात. चांगला गडद रंग येऊ द्या.

भाजलेले पाय जाळीवर काढा. सपाट ताटलीत ठेवले तर खालची वाफ तिथेच गारठून पाणी होते. खायची घाई नको. हवेनं भरलेलं कवच पटकन निवतं, सारण मात्र बराच वेळ पोळण्याइतकं गरम राहतं.

काही तासांनी सारणातला ओलावा कोरड्या पदरांकडे सरकतो आणि कुरकुरीतपणा जातो. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवले की बराचसा परत येतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र सारणातलं पाणी तापून त्याची वाफ पदरांतच शिरते. जास्त करून ठेवायचे असतील तर कच्चेच गोठवा आणि लागतील तेव्हा फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला, पाचेक मिनिटं जास्त धरून.