लोकसहभागातून डास नियंत्रणाचे गणिती प्रारूप

एखाद्या वस्तीतील लोकांनी मिळून डासांची पैदास रोखली, तर डास आणि त्यांच्यामार्फत पसरणारे रोग किती घटतील, याचा समीकरणांनी घेतलेला अंदाज म्हणजे लोकसहभागातून डास नियंत्रणाचे गणिती प्रारूप. यात डासांच्या जीवनचक्राबरोबर माणसांचे वागणेही मांडावे लागते. डासांपेक्षा हे दुसरे काम अवघड आहे.

मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे 1897 मध्ये दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच या विषयाचा पाया घातला. सगळे डास मारणे अशक्य, मग काही मारून काय साधणार, हा तेव्हाचा मोठा आक्षेप होता. डासांची संख्या ठरावीक पातळीखाली गेली की डास शिल्लक असूनही मलेरिया ओसरतो, हे रॉस यांनी गणिताने दाखवले. 1950 च्या दशकात ब्रिटिश मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅकडॉनल्ड यांनी डासाच्या आयुर्मानाकडे लक्ष वेधले. परजीवी डासाच्या अंगात पक्व व्हायला 10 दिवस लागतात असे धरू. रोज 90 टक्के डास जगत असतील, तर 10 दिवसांनी शंभरातले 35 उरतात. 80 टक्के जगत असतील, तर जेमतेम 11. म्हणून घरात फवारणी करून प्रौढ डासाचे आयुष्य घटवले की परिणाम मोठा दिसतो. साठलेले पाणी ओतून देण्याने मात्र आयुष्य घटत नाही, संख्या घटते. लोकसहभागाच्या प्रारूपात हा फरक पुसला गेला, तर उत्तर फसवे येते.

अशा प्रारूपात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ डास या अवस्थांची समीकरणे वेगवेगळी असतात. भांड्यात अळ्यांची दाटी झाली की त्या अन्नासाठी झगडतात आणि बऱ्याच मरतात. त्यामुळे अर्ध्या अळ्या मारल्या म्हणून डास निम्मे होतीलच असे नाही. उरलेल्यांना खाणे पुरते आणि त्यांतल्या जास्त जगतात.

पाण्याचे एकच पिंप घेऊन पाहू. अंड्यापासून डास होईपर्यंत 10 दिवस लागतात असे माना. पिंप दर 14 दिवसांनी रिकामे केले, तर पहिल्या 4 दिवसांत घातलेल्या अंड्यांचे डास तोवर उडून गेलेले असतात. दर 7 दिवसांनी केले, तर एकही उडत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे. पण डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. नुसते पाणी ओतले की ती तिथेच राहतात आणि पिंप पुन्हा भरताच त्यांतून अळ्या निघतात. पिंप घासलेच पाहिजे. ज्या प्रारूपात चिकटलेल्या अंड्यांचा हिशेब नसतो, ते एका दिवसाच्या मोहिमेला नको तितके यश देते.

किती घरांनी साथ द्यायला हवी? एका रुग्णामुळे सरासरी किती नवे रुग्ण होतात, तो मूलभूत प्रजनन अंक. तो 1 च्या खाली आला की साथ ओसरते. साध्या प्रारूपात तो डासांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. तो 3 असेल, तर डास दोन तृतीयांशांहून अधिक घटवावे लागतात. 2 असेल, तर निम्म्याहून अधिक. मात्र घरांची टक्केवारी म्हणजे डासांची टक्केवारी नव्हे. बरेचदा मोजक्या भांड्यांतूनच बहुतेक डास निघतात, आणि नेमकी तीच कोरडा दिवस न पाळणाऱ्या घरांत असतील, तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते. जागेचाही प्रश्न आहे. एडिस सहसा काहीशे मीटरांपलीकडे जात नाही, त्यामुळे न पाळणारी घरे एकाच गल्लीत असली, तर तिथे साथ टिकून राहते.

माणसांच्या वागण्यासाठी स्वतंत्र समीकरण लागते. साथ आली की लोक कामाला लागतात. डास कमी झाले की उत्साह ओसरतो आणि डास पुन्हा वाढतात. शेजारी करतोच आहे, मग मी कशाला, हा विचारही त्यात भर घालतो. अशा प्रारूपांत लाटा दिसतात, आणि त्या लोकांच्या बेफिकिरीच्या पुराव्यादाखल दाखवल्या जातात, हे अन्यायाचे आहे. पाणी रोज येत नसेल, तर लोकांना ते साठवावेच लागते. सहभागाच्या आकड्यात ही अडचणही मिसळलेली असते.

लोकसहभागाचा उपयोग होतो याला प्रत्यक्ष आधारही आहे. निकाराग्वा आणि मेक्सिकोत नेहमीच्या सरकारी कामाला रसायनविरहित लोकसहभागाची जोड देणाऱ्या ‘कामिनो व्हेर्दे’ या चाचणीत मुलांमधील डेंगीचा संसर्ग तुलनेच्या वस्त्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रारूपाला आकडे पुरवताना अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी, म्हणजे हाऊस इंडेक्स, सर्रास वापरला जातो. त्यात दोन अळ्यांची कुंडी आणि शेकडो अळ्यांचे पिंप, दोन्ही सारखेच मोजले जातात. कोष मोजणे कष्टाचे असते, पण कोषातून डास निघण्याची शक्यता मोठी असल्याने प्रौढ डासांचा अंदाज त्यावरून अधिक नेमका बांधता येतो.