कार्यक्रमाचा कल आणि कानाचा कल

2025 च्या घटस्थापनेच्या आठवड्यातली गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पानठेल्यापुढच्या बाकावर एक मोबाईल उताणा ठेवलेला होता आणि त्यावर कापसाच्या भावाची चर्चा मोठ्या आवाजात चालली होती. पऱ्हाटीला बोंडे फुटू लागली होती आणि लोकांच्या डोक्यात पहिल्या वेचणीचा विचार होता. केंद्र सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले होते. आधी ती सूट 30 सप्टेंबरपर्यंतच होती, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, आणि चर्चा त्यावरच होती. ती ऐकता ऐकता माझे मोठेबाबा उठून म्हणाले, "हा तं विरोधकायचा भोंगा हाय." त्यांच्याच शेजारी बसलेले, दुसऱ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते असलेले काका तितक्याच रागाने म्हणाले, "कायचा विरोधकायचा? सरकारचं नाव घ्याले भेते हा मानूस."

कार्यक्रम एकच, बाक एकच आणि तक्रारीचा शब्दही जवळपास एकच होता, की हा बोलणारा एकतर्फी आहे. तो कोणत्या बाजूला झुकला आहे याबद्दलचे दोघांचे सांगणे मात्र एकमेकांच्या थेट उलट होते. राजकीय वळणाच्या चर्चा ऐकून श्रोते जे बोलतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळतात: बोलणाऱ्याच्या बाजूचा कल आणि ऐकणाऱ्याच्या कानाचा कल. दोन्ही एकाच वाक्यातून बाहेर पडतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते.

कार्यक्रमाचा कल हा कार्यक्रमातच असतो. बोलायला कोणाला बोलावले, कोणाला पुरते बोलू दिले आणि कोणाला मध्येच तोडले, कोणाला प्रश्न विचारला आणि कोणापुढे नुसती मान डोलावली, कोणती माहिती सांगितली आणि कोणती वगळली, यांतून तो तयार होतो. कोणीही ऐकत नसले तरी तो तिथे असतोच आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा लावले तर दाखवूनही देता येतो. कानाचा कल असा दाखवता येत नाही, कारण तो ऐकणाऱ्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच उठून जातो. मोठेबाबांच्या जागी काका बसले की तोच आवाज दुसऱ्या बाजूला झुकलेला वाटू लागतो.

हा कानाचा कल केवळ आपल्या पारावरचा अनुभव नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी याचा अभ्यास केला आणि तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. 1982 मध्ये लेबनॉनच्या बैरुतमधील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या, पण इस्रायलच्या बाजूच्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना त्या इस्रायलला सांभाळून घेणाऱ्या वाटल्या. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की एकाच बातमीत आपल्याविरुद्धचे उल्लेख किती आले याची मोजदादही दोन्ही गटांनी वेगवेगळी केली. म्हणजे फरक केवळ मताचा नव्हता, त्यांना ऐकूच वेगळे आले होते. ज्यांना त्या प्रश्नाची माहिती अधिक होती त्यांना पक्षपात कमी नव्हे, उलट जास्त दिसला. आपल्याकडे 'त्याला काही कळत नाही म्हणून तो असा बोलतो' असे सहज म्हटले जाते, पण या बाबतीत ते लागू पडत नाही. कापसाचे अर्थकारण नीट समजणाऱ्या माणसाला प्रत्येक वगळलेली गोष्ट टोचते आणि त्याला ज्या वगळलेल्या गोष्टी आठवतात त्या बहुतेक त्याच्याच बाजूच्या असतात.

त्याआधी, 1954 मध्ये, अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांमधील अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्याचा अभ्यास केला होता. त्याच सामन्याचे चित्रीकरण पाहून प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी डार्टमथच्या संघाच्या नावावर जितक्या चुका मांडल्या, त्याच्या निम्म्याही चुका डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघात दिसल्या नाहीत. गणपतीतल्या कबड्डीच्या सामन्यात रेषेवर कोणाचा पाय पडला यावरून दोन गावे कशी भांडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे कोणी खोटे बोलत नसतो, प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलेच तो सांगत असतो, आणि म्हणूनच ते भांडण मिटत नाही.

असे का होते याची एक साधी बाजू आहे. ज्याला आपली बाजू पूर्ण खरी वाटते त्याच्या लेखी दोन्ही बाजूंना सारखी जागा देणे हाच अन्याय असतो, कारण खऱ्याला आणि खोट्याला एकाच मापाने मोजले असे त्याला वाटते. दुसरी बाजू दुसऱ्यांविषयीच्या काळजीची आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये दाखवून दिले, की माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असे माणसे धरून चालतात. "माह्यावर काही होत नाही, पन हे पोट्टे वाहवून जातीन," हे वाक्य मी पानठेल्यावर दोन्ही पक्षांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते मनापासूनच बोलले जाते. कार्यक्रमात थोडा कल असला तरी पोरे वाहवतील या भीतीने तो मोठा ऐकू येतो.

मग सगळा कल कानातच असतो काय? तसे मुळीच नाही आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. 'ऐकणाऱ्यांची दोन्ही टोके ओरडत आहेत, म्हणजे बोलणारा बरोबर मध्यावर उभा आहे' हा निष्कर्ष निवेदक मंडळी फार हौसेने काढतात, पण तो टिकत नाही. अमेरिकेतील राजकीय टॉक रेडिओ, म्हणजे श्रोत्यांचे फोन घेत चालणारे रेडिओवरचे राजकीय चर्चेचे कार्यक्रम, हे त्याचे सरळ उदाहरण आहे. तिथे 1949 पासून वादाच्या विषयांवर दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन प्रसारकांवर होते. ते 1987 मध्ये काढले गेले आणि दुसऱ्याच वर्षी, 1988 मध्ये, रश लिम्बॉ या निवेदकाचा कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला. आपण रूढीवादी बाजूचे आहोत हे त्यांनी कधी झाकले नाही आणि त्यांचे चाहतेही फोनवर आपली सहमती अभिमानाने सांगत. अशा उघड झुकलेल्या कार्यक्रमाला विरोधक एकतर्फी म्हणतात तेव्हा ते चुकत नसतात. उघड झुकलेल्या मजकुरावर पुढे जे संशोधन झाले त्यात असे दिसले, की कल कोणत्या दिशेला आहे याबद्दल दोन्ही बाजूंचे ऐकणारे बहुतेक सहमत असतात आणि मतभेद असतो तो प्रमाणाबद्दल. विरोधकाला तो फार वाटतो आणि समर्थकाला नावापुरता.

पानठेल्यावर मात्र दिशाच उलटी ऐकू आली होती. दोघे जेव्हा विरुद्ध दिशा दाखवतात तेव्हा कानाचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त. दोघे एकच दिशा दाखवतात आणि फक्त एक म्हणतो 'फार', दुसरा म्हणतो 'थोडा', तेव्हा कार्यक्रमाकडे नीट पाहावे. ही काटेकोर कसोटी नाही, सुरुवात कुठून करावी यासाठीची खूण आहे.

अमेरिकेसारखा राजकीय टॉक रेडिओ आपल्या खेड्यांत कधी आलाच नाही, कारण आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करण्याची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. 1948 पासून चालू असलेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांना शेतीची माहिती आणि बातम्या ऐकवल्या, पण राजकीय चर्चेची भूक मोबाईलनेच भागवली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी 11 वाजता लागणारी पंतप्रधानांची 'मन की बात' रेडिओवरचीच आहे आणि 3 ऑक्टोबर 2014 पासून ती सुरू आहे, पण तिथे बोलणारा कोण आणि कोणत्या बाजूचा हे सर्वांना आधीच माहीत असते. मोबाईलवरच्या चर्चेत ते तसे नसते. तिथे निवेदक स्वतःला 'शेतकऱ्याचा आवाज' म्हणवतो आणि त्याची बाजू त्याच्या शब्दांतून शोधावी लागते.

म्हणून त्या आठवड्यात मी ती चर्चा घरी दोनदा पुन्हा ऐकली. पहिल्यांदा नुसती ऐकली. दुसऱ्यांदा वहीत मधोमध रेघ ओढून एका बाजूला काय सांगितले ते लिहिले आणि दुसऱ्या बाजूला काय सांगता आले असते पण सांगितले नाही ते लिहिले. शुल्क उठवल्याने बाहेरचा कापूस स्वस्त होईल हे सांगितले होते. सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवल्याने ती नेमकी आपल्या वेचणीच्या आणि विक्रीच्या महिन्यांवर येते हेही सांगितले होते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच कळीची बाब आहे. हे शुल्क फेब्रुवारी 2021 मध्ये लावले गेले आणि 2022 मध्येही एप्रिलपासून काही महिने उठवले होते, हे मात्र सांगितले नव्हते. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये होता आणि सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचे कापूस महामंडळ, खरेदीला उतरले तर बाजार पडला तरी विकायला एक जागा राहते, हेही आले नव्हते. त्याला जोडून उलट बाजूचीही एक गोष्ट वगळली होती: सीसीआयकडे ओलाव्याची अट असते, आठ टक्क्यांच्या वर भावातून कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वरचा कापूस परत फिरतो, त्यामुळे हमीभाव कागदावर असतो तसा तो प्रत्येकाच्या हाती पडत नाही.

वहीचे पान भरले तेव्हा लक्षात आले, की कल होता, पण मोठेबाबा म्हणत होते तो नव्हता आणि काका म्हणत होते तोही नव्हता. एकाही पक्षाच्या माणसाला बोलावलेच नव्हते. सगळी चर्चा भीतीच्या दिशेने झुकलेली होती, म्हणजे जे ऐकून माणूस हबकेल ते ठेवले होते आणि जे ऐकून तो हिशेब मांडत बसेल ते गाळले होते. पक्ष शोधणारा कान असा कल टिपू शकत नाही, कारण तो दुसरेच काही शोधत असतो.

गप्प राहण्याबद्दलही हेच म्हणता येते. ज्या कार्यक्रमाबद्दल आपली काहीच तक्रार नसते तो निःपक्ष असतो असे नाही, पुष्कळदा तो आपल्याच बाजूला झुकलेला असतो आणि म्हणून कानाला सरळ वाटतो. हे पाहण्यासाठी मी पुढच्या रविवारी मोठेबाबांना त्यांच्याच आवडीच्या निवेदकाची कापसावरचीच एक चर्चा लावून दिली. ते शेवटपर्यंत शांत बसले आणि मान डोलावत राहिले. संपल्यावर मी विचारले, "कसा वाटला?" ते म्हणाले, "बरोबर बोलला. काही वाकडं नाही."

मी आणखी एकच प्रश्न विचारला: "यात कोन बोलला नाही, मोठेबाबा?" त्यांनी तंबाखूची चिमूट तळहातावर तशीच धरून बराच वेळ विचार केला. बाहेर अंगणात कापसाची पोती शिवायला काढलेली होती, त्यांच्याकडे पाहत ते म्हणाले, "कास्तकारच बोलला नाही."